जुनी होऊ शकेल अशी गाडी

बोरघाटाने मोटारीची जेवढी परीक्षा घेतली, तेवढी आपल्याकडच्या फार थोड्या रस्त्यांनी घेतली असेल. १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, हा घाट चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. तेव्हा मोटार नावाची वस्तू जगात नव्हती. मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी दिसल्या त्या १८९८ मध्ये, आणि पुढची शंभर वर्षं पुण्यामुंबईच्या माणसाने गाडी चांगली की वाईट हे खोपोली ते खंडाळा या चढावर ठरवलं. पाणी न उकळता जी वर आली ती गाडी खरी.

माझ्या घरी तीन जुन्या गाड्या आहेत. १९५६ ची फियाट, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो. साठच्या दशकातली स्टँडर्ड हेराल्ड. आणि १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. चौथी गाडी विजेवर चालते आणि रोजची धावपळ तिच्यावर होते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक मला बोलतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातले स्नेही म्हणतात, विजेची गाडी म्हणजे चाकं लावलेला मोबाइल. विजेच्या गाडीचे चाहते म्हणतात, ताई, ही धूर ओकणारी लोखंडं भंगारात द्या आता. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. गाड्यांचा इतिहास नीट पाहिला की भांडण पेट्रोल आणि विजेचं नाहीच, ते दुसऱ्याच गोष्टीचं आहे असं दिसतं. ती गोष्ट म्हणजे गाडीला म्हातारपण येऊ द्यायचं की नाही.

सुरुवात फियाटपासून करते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी तिथे अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ११०० हे मॉडेल येऊ लागलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली हाताचा गिअर, आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. नाकाडासारखं पुढे आलेलं तोंड पाहून लोकांनी तिचं बारसं केलं. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट असे अवतार झाले. सत्तरीच्या दशकात फियाट हे नाव गेलं, आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी असं नाव आलं. पत्रा बदलत गेला, इंजिन मात्र मुळात तेच राहिलं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत ते १०८९ सीसीचं इंजिन आपल्याकडे चार दशकांहून जास्त चाललं.

आमच्या अण्णांनी फियाट घेतली ती जुनीच. नवी गाडी मिळायला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. परमिटराज होतं, मोजके कारखाने, मोजकी मॉडेलं. त्या काळाला नावं ठेवणं सोपं आहे आणि त्यातलं बरंचसं रास्तही आहे. गिऱ्हाइकाला निवड नव्हती, कारखान्याला सुधारणा करण्याची घाई नव्हती. पण त्याच काळाचं एक फळ आज मी खाते आहे. एकच इंजिन इतकी वर्षं रस्त्यावर राहिल्यामुळे त्याची विद्या गावोगाव पसरली. मुंबईची काळीपिवळी बहुतेक फियाटच होती, त्यामुळे हे इंजिन डोळे मिटून उघडू शकणारे मिस्त्री हजारोंनी तयार झाले. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसला, कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचा भाग मिळाला नाही असं क्वचितच होई. कंपनीचा नसेल तर लुधियानाचा, तोही नसेल तर लेथवर करून घेतलेला. गाडीची मालकी एका माणसाची आणि विद्या सगळ्या गल्लीची, अशी ती व्यवस्था होती.

घाटात ती विद्या कशी दिसे ते सांगते. मे महिना, दुपार, गाडीत पाच माणसं आणि टपावर सामान. खोपोली सोडून चढ लागला की अण्णांची नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त. दुसऱ्या गिअरवर इंजिन घरघरत असताना मध्येच गाडी गचके द्यायला लागे आणि बंद पडे. पाणी उकळलेलं नसायचं, पेट्रोल उकळलेलं असायचं. फियाटचा पेट्रोल पंप थेट इंजिनच्या अंगाला बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत द्रव पोचतच नाही. त्यावर उपाय घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होता. बॉनेट उघडायचं, फडकं ओलं करून पंपावर गुंडाळायचं, पंपाच्या खालची छोटी दांडी हाताने मारून पेट्रोल वर चढवायचं आणि दहा मिनिटं सावलीत थांबायचं. काही जण फडकं बांधूनच खोपोली सोडत. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकून पुढे जाण्याची रीतही याच रस्त्यावरची. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं लोक मानतात, त्याच्या देवळापाशी गाडीचा वेग आपोआप कमी होई.

आता विजेकडे वळते. विजेची गाडी नवी आहे, हा समज सर्वांत आधी काढून टाकला पाहिजे. १८९९ साली पॅरिसजवळ कामीय जनात्झी या बेल्जियन माणसाने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला, तो विजेच्या गाडीतून. १९०० साली अमेरिकेत चार हजारांच्या आसपास मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या सर्वांत जास्त वाफेवरच्या होत्या, त्यांच्या पाठोपाठ विजेवरच्या आणि पेट्रोलच्या सर्वांत कमी. विजेच्या गाडीला वास नव्हता, गिअर नव्हते, आणि मुख्य म्हणजे हँडल मारावं लागत नव्हतं. पेट्रोलची गाडी पुढून हँडल फिरवून सुरू करावी लागे. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडे. हेन्री फोर्ड यांनी पेट्रोलची गाडी जगभर नेली, पण त्यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. मला जुन्या गाड्यांच्या इतिहासातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

मग वीज हरली कशी? १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी केलेला विजेचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल गेलं. म्हणजे विजेच्या गाडीचा मोठा गुण पेट्रोलच्या गाडीने एका छोट्या बॅटरीने आणि मोटरने आपलासा केला. टेक्सासमध्ये तेल सापडल्याने पेट्रोल स्वस्त झालं. फोर्डच्या टी मॉडेलची किंमत उतरत गेली, विजेची गाडी तिच्या दुपटीतिपटीला विकली जात होती. शहराबाहेर वीज पोचली नव्हती, पेट्रोलचा डबा मात्र कुठल्याही किराणा दुकानात ठेवता येत होता. वीज हरली ती अंतरात आणि किमतीत.

आपल्याकडे मात्र वीज तेव्हा रस्त्यावरून पूर्ण गेली नाही, ती तारेला धरून राहिली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. १९६२ ते १९७१ या काळात मुंबईत ट्रॉलीबसही होती. आणि ज्या घाटात आमची फियाट दम टाकत होती, त्याच घाटात रुळांवर वीज कधीचीच राज्य करत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी सुटली आणि पुढच्या पाचसहा वर्षांत तारा पुण्यापर्यंत आल्या. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्या इंजिनावरच. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या घडणीची, मधून वळणारी लांबलचक इंजिनं होती. रेल्वेची माणसं त्यांना खेकडा म्हणत. या खेकड्याची एक करामत होती. उतारावर त्याच्या मोटरी उलट काम करत, जनित्र होत आणि गाडीचा वेग आवरताना तयार झालेली वीज परत तारेत सोडत. खाली येणाऱ्या गाडीने वर जाणाऱ्या गाडीला हातभार लावावा, अशी ती योजना.

आज माझी विजेची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा नेमकं हेच करते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर गाडीला मागे धरते आणि पडद्यावर बॅटरीचा आकडा दोनतीन टक्क्यांनी वर चढतो. फियाटमध्ये हाच उतार म्हणजे दुसऱ्या गिअरवर इंजिनचा ब्रेक आणि तापलेल्या लायनरचा वास. उतारात न्यूट्रल करायचं नाही, हा अण्णांचा पहिला धडा. घाटाच्या माथ्यावर लोणावळ्याच्या तलावांचं पाणी अडवून १९१५ पासून खोपोलीला टाटांचं वीजघर चालू आहे. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. या घाटाला वीज परकी नाही.

तर मग तोलून पाहू. रोजच्या वापरात विजेची गाडी जिंकते आणि ते कबूल करण्यात जुन्या गाडीवाल्यांनी कमीपणा मानू नये. माझी फियाट लिटरला बाराच्या आसपास जाते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे किलोमीटरला १९० ग्रॅम. विजेची गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच येते. देशभराच्या सरासरीने युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास धरलं तरी किलोमीटरला १०० ग्रॅम. कोळशाची वीज घेऊनही निम्मं. त्यात फियाटच्या धुरात काय काय असतं ते वेगळंच. शिशाचं पेट्रोल देशातून फेब्रुवारी २००० मध्ये गेलं, पण जुन्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही तो नाहीच. लक्ष्मी रोडच्या कोंडीत फियाट अर्धा तास चालू ठेवणं हा शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर अन्याय आहे. म्हणून ती तिथे नेत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. बॅटरी तयार करताना खाणीपासून कारखान्यापर्यंत बरीच ऊर्जा खर्ची पडते, आणि तो बोजा गाडी भरपूर धावली तरच फिटतो. सत्तर वर्षांपूर्वी घडलेली आणि रविवारी सकाळी तेवढी बाहेर पडणारी गाडी भंगारात देऊन हवेला फारसा फायदा होत नाही. जुन्या गाडीचा खरा त्रास आता वेगळाच आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल ओलावा धरतं, टाकी आतून गंजवतं आणि जुन्या रबराला खातं. माझ्या तिन्ही गाड्यांचे पेट्रोलचे पाइप आणि पंपातला पडदा बदलून इथेनॉलला टिकणारे घालावे लागले. आमच्या मिस्त्रींनी जुना पडदा काढून तळहातावर ठेवला तेव्हा तो फुगून कडेला चिरला होता. अशी माणसं आहेत तोवर गाड्या आहेत.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वाहतुकीला वापरायची नाही. फियाट आणि हेराल्ड त्यात बसतात. १९८६ ची पद्मिनी बसत नाही. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर, आणि पन्नाशी झाली की मान. मधली पस्तीस वर्षं गाडीने मालकाच्या जिद्दीवर काढायची. बहुतेक गाड्या याच काळात संपतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदणी असलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं. पण त्याआधीच्या वर्षांत हजारो पद्मिनी तुकडे होऊन गेल्या, तेव्हा कुणी थांबलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. गेल्या पावसाळ्यात आमची विजेची गाडी सकाळी उघडेचना. मोठी बॅटरी जवळजवळ भरलेली, पण गाडी निपचित. कंपनीच्या लोकांना फोन केला तर गाडी उचलून न्यावी लागेल म्हणाले. आमचे मिस्त्री त्या दिवशी पद्मिनीच्या पॉइंटसाठी आले होते. काडेपेटीच्या पुठ्ठ्याने गॅप बघत होते. ते उठले, विजेच्या गाडीचं पुढचं झाकण युक्तीने उघडलं, मीटर लावला आणि म्हणाले, “ताई, हिची बारा व्होल्टची बसलीय.” विजेच्या गाडीतही दिवे, कुलपं आणि संगणक यांच्यासाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती मेली तर मोठी बॅटरी जोडणारे स्विच चालूच होत नाहीत. मिस्त्रींनी पुस्तिका माझ्याकडून वाचून घेतली, पद्मिनीच्या बॅटरीवरून केबल टाकली आणि विजेची गाडी जागी झाली. केटरिंग यांनी पेट्रोलच्या गाडीत घातलेल्या छोट्या बॅटरीने शंभर वर्षांनी विजेच्या गाडीला जाग आणली.

पण मिस्त्रींचं काम तिथेच थांबलं. त्यापुढे त्यांना रस्ता नाही. मोठी बॅटरी गाडीच्या पोटाखाली सीलबंद पेटीत, शेकडो व्होल्टची. तिच्यात हात घालणं धोक्याचं आहे हे खरं, आणि त्यासाठी प्रशिक्षण हवं हेही खरं. पण ते प्रशिक्षण, ती निदानाची यंत्रणा, ते सुटे भाग गल्लीतल्या माणसाला विकत मिळतच नसतील, तर वॉरंटीची आठ वर्षं संपल्यावर त्या गाडीचं काय होणार? पेटीतल्या सेलचा एक गट, म्हणजे एक मॉड्यूल, खराब झालं म्हणून सगळी पेटी बदलायची, आणि पेटीची किंमत गाडीच्या उरलेल्या किमतीहून जास्त. असं झालं तर ती गाडी म्हातारी होणारच नाही, थेट मरेल.

हे विजेचं भागधेय आहे असं कुणी म्हणत असेल तर ते इतिहासाला धरून नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या डेट्रॉइट इलेक्ट्रिक आणि बेकर गाड्या आजही संग्राहकांकडे चालतात. पेट्रोलच्या त्या वयाच्या गाड्यांपेक्षा त्यांचं दुखणं कमी. कारण मोटर साधी, आणि बॅटरी म्हणजे वेगवेगळे सेल मांडून ठेवलेली पेटी. सेल गेला की तो काढायचा, नवा घालायचा. आपल्याकडेही उदाहरण आहे. बंगळुरूच्या चेतन मैनी यांनी २००१ मध्ये बाजारात आणलेली रेवा. सहा व्होल्टच्या आठ लेड ॲसिड बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटरपर्यंत जाण्याचा दावा. गाडी लहान, बांधणी साधी, लोकांनी फार घेतली नाही. पण बॅटऱ्या संपल्या की त्या काढून दुसऱ्या बसवता येत. म्हणजे विजेची गाडी दुरुस्तीजोगी करता येते. दुरुस्तीजोगी ठेवायची की नाही, हा निर्णय आहे.

हा निर्णय आत्ताच घ्यायला हवा, कारण या गाड्या आपल्याच दारात तयार होत आहेत. पुणे जिल्ह्यात रांजणगाव आणि चाकणला कारखाने आहेत, वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या. त्याच वर्षी बॅटरीच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आले. पाया घातला गेला आहे. त्यावर भिंती उभ्या राहायच्या तर आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या बॅटरीचं शिक्षण हवं, मॉड्यूल सुटी मिळायला हवीत आणि गाडीतल्या संगणकाला काय दुखतंय ते कंपनीबाहेरच्या माणसालाही वाचता यायला हवं.

मला कुणी विचारतं, फियाटमध्येच मोटर आणि बॅटरी का बसवत नाहीस? तसे संच आता मिळतात. मी बसवणार नाही. ते इंजिन आणि त्याभोवतीची विद्या जपायची म्हणून तर ती गाडी ठेवली आहे. रोज फिरायला विजेची गाडी आहे, आणि तिने ते काम उत्तम केलं आहे. तिच्याकडून माझी एकच अपेक्षा आहे. फियाटने जे केलं ते तिने करावं. तीन पिढ्यांच्या हाताखालून जावं.

म्हणून विजेची गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, रेंज विचाराच, चार्जिंगचा वेळही विचारा, पण आणखी तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. बॅटरीतलं एकच मॉड्यूल बदलून देता का? वॉरंटीनंतर बाहेरच्या मिस्त्रीला भाग आणि माहिती मिळेल का? आणि हे मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं त्याचे सुटे भाग मिळतील? विक्रेत्याकडे आज उत्तर नसेल. पण हजारो गिऱ्हाइकांनी तेच तीन प्रश्न विचारले, तर पुढच्या वर्षी त्याला उत्तर शोधून ठेवावं लागेल.